बॅटरीवरचा आकडा : वजन किती, उतारा किती?



पाठीवरचा फवारणी पंप आता पुष्कळांकडे बॅटरीचा आला आहे. रात्रपाळीची वीज आली की दारे धरायला टॉर्च लागतो. तळवली, घणसोलीकडे नोकरीला असलेली पोरे सुटीत येताना पॉवर बँक घेऊन येतात. या सगळ्यांवर ‘एएच’ किंवा ‘एमएएच’ असा आकडा असतो. आकडा मोठा म्हणजे माल चांगला, असे समजून आपण पैसे मोजतो आणि फसतो. म्हणून ही माहिती देत आहोत.

एएच म्हणजे अँपिअर-तास. हौदात पाणी किती, तसा बॅटरीत साठा किती, हे तो सांगतो. १००० एमएएच म्हणजे १ एएच. समजा, पंपाची बॅटरी १२ व्होल्ट, ८ एएचची आहे आणि मोटर २ अँपिअर ओढते. हिशेबाने पंप ४ तास चालला पाहिजे. शिशाची बॅटरी असेल तर प्रत्यक्षात ३ तासांच्या आसपासच चालतो. असे का?

शिशाच्या लहान बॅटरीचा आकडा बहुधा २० तास सावकाश वापरून काढलेला असतो. जोरात ओढली की ती कमी देते. इन्व्हर्टरच्या बॅटरीवर ‘सी-२०’ किंवा ‘सी-१०’ असे लिहिलेले असते, ते हेच. १५० एएच सी-२० म्हणजे साडेसात अँपिअर २० तास. सी-१० म्हणजे १५ अँपिअर १० तास. आकडा एकच, पण सी-१० ची बॅटरी दमदार. लिथियमच्या बॅटरीत ही घट फार कमी असते.

दुसरी गोष्ट व्होल्टची. १०,००० एमएएचच्या पॉवर बँकेचा आकडा मोठा दिसतो. पण आतला सेल ३.७ व्होल्टचा. व्होल्ट गुणिले एएच केले की ३७ वॉट-तास होतात. पंपाच्या बॅटरीचे होतात ९६. खरी तुलना वॉट-तासांनीच करावी.

टॉर्चमधल्या बोटभर ‘१८६५०’ सेलवर ९९०० एमएएच छापलेले आढळते. या मापाचा उत्तम सेलसुद्धा सुमारे ३५०० च देतो. बाकीची नुसती छपाई! जुन्नर, आंबेगाव, शिरूरकडे उसात बिबट्याचा वावर आहे. तिथे मध्यरात्री फडात टॉर्च विझला, तर ही फसवणूक जिवावर बेतेल.

तेव्हा खरेदी करताना तीन गोष्टी विचारा : व्होल्ट किती, एएच किती तासांच्या हिशेबाने, आणि वॉट-तास किती. नवा टॉर्च एक रात्र घरी पेटवून किती तास चालतो ते घड्याळावर बघा, मगच फडात न्या.

उसाच्या वजनावरून साखर किती निघेल ते कळत नाही, उतारा बघावा लागतो, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. बॅटरीचेही तसेच आहे.