वॉटसनचा बिडाचा सांगाडा

काळा घोडा भागात डेव्हिड ससून ग्रंथालयापासून काही पावलांवर एस्प्लनेड मॅन्शन उभी आहे. शेजारून रोज हजारो माणसे कोर्टकचेऱ्यांकडे जातात. पिचलेले सज्जे आणि गंजलेले कठडे पाहिले की इथे एकेकाळी मुंबईतले सर्वांत झोकदार हॉटेल, वॉटसन, होते, हे कुणाला खरे वाटणार नाही.

जॉन वॉटसन हा इंग्रज कापडव्यापारी. 1860च्या दशकात, किल्ल्याचा तट पाडल्यावर मोकळ्या झालेल्या जागेत त्याने भूखंड घेतला. तिथे आधी त्याला कापडाची पेढी थाटायची होती, पण उभे राहिले हॉटेल. आराखडा रोलंड मेसन ऑर्डिशचा. लंडनच्या सेंट पॅन्क्रास स्टेशनच्या अवाढव्य छताच्या कामातही त्याचा हात होता. खांब-तुळयांचे ओतकाम इंग्लंडमध्ये झाले आणि सुटे भाग जहाजातून मुंबईला येऊन इथे जोडले गेले. भारतात आज उभ्या असलेल्या बिडाच्या इमारतींत ही सर्वांत जुनी मानली जाते. तळमजल्यावर भोजनगृह आणि बार, वर खोल्या, मधल्या चौकावर काचेचे छत. 7 जुलै 1896 रोजी ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे भारतात पहिल्यांदा दाखवली गेली ती इथेच, तिकीट एक रुपया. त्या खेळांनी भारावलेल्या हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनी, म्हणजे सावेदादांनी, पुढे कॅमेरा मागवला आणि 1899 मध्ये हँगिंग गार्डनमधली कुस्ती चित्रित केली.

1903 मध्ये ताजमहाल हॉटेल उघडले. वॉटसनचे दिवस ओसरले, खोल्यांच्या कचेऱ्या झाल्या, वकिलांनी तिथे दालने थाटली. तळमजल्यावरचे आर्मी रेस्टॉरंट मात्र पुढेही बरीच वर्षे चालू होते. कोर्टातून सुटलेली माणसे तिथे टेबलाला टेबल लावून बसत. मुंबईचे बडे हॉटेल संपले तरी त्या जागेचा खाण्यापिण्याशी संबंध तुटला नव्हता, आणि मला या इमारतीबद्दल सर्वांत जास्त ओढ वाटते ती याच गोष्टीमुळे.

मग ती मोडकळीला का आली? बॉम्बे रेंट अॅक्टने भाडी 1940च्या पातळीवर गोठवली. एवढ्याशा भाड्यात मालक दुरुस्ती करीना आणि पागडीवाले भाडेकरू जागा सोडीनात. शिवाय जो तो आपल्या खोलीत भिंती आणि पोटमाळे घालत गेला. बीड दाब सोसते, पण ताण सोसत नाही, वाकण्याआधी तडकते. असल्या सांगाड्यावर पिढ्यान्‌पिढ्या वाढीव बोजा चढवला, वर पावसाचे पाणी मुरू दिले, तर दोष ऑर्डिशच्या आराखड्याचा कसा म्हणायचा?

2005 मध्ये इटालियन वास्तुविशारद रेन्झो पियानो यांच्या प्रयत्नाने वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाने तिला जगातल्या शंभर धोक्यातल्या वास्तूंच्या यादीत घेतले. त्याच वर्षी जुलैत इमारतीचा काही भाग कोसळून एकाचा जीव गेला. 2019 मध्ये ती रिकामी करण्यात आली. आयआयटी मुंबईच्या अहवालात ती पाडण्याची शिफारस होती, त्याला संवर्धनतज्ज्ञांनी विरोध केला.

माणसांच्या जिवाचा प्रश्न खरा आहे, म्हणून ती रिकामी केली हे योग्यच झाले. मात्र रिकामी झाली म्हणून पाडायची, हा न्याय मला मान्य नाही. ही वास्तू मुळातच सुट्या भागांची आहे. पोटमाळे काढून बोजा उतरवावा, एकेक खांब तपासावा, निकामी भाग बदलावा, तडकलेल्या तुळईला नव्या पोलादाचा आधार द्यावा. हे काम महाग आणि संथ आहे, पण अशक्य नाही. पाडून काचेचा मनोरा बांधणे स्वस्त पडेल. ऑर्डिशची इमारत मात्र कितीही पैसे ओतून परत मिळणार नाही.

म्हाडाने (राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाने), मालकांनी आणि भाडेकरूंनी एकत्र बसून हक्कांचा हिशेब लेखी मिटवावा, आणि दुरुस्तीच्या खर्चात सरकारने आपला वाटा उचलावा. ज्यांच्या घरी तिथल्या कचेऱ्यांची जुनी छायाचित्रे, नकाशे किंवा पागडीच्या पावत्या पडून असतील, त्यांनी त्या रद्दीत घालू नयेत. संवर्धन करणाऱ्यांना त्या लागणार आहेत.