विश्लेषण : दुकान छोटे, ग्राहक हजारभर... ‘सीआरएम’ निवडताना काय पाहावे?

अनुदानाची पूर्वसंमती आली म्हणून शेतकऱ्याने दुकानातल्या ओळखीच्या मुलाला फोन लावला. तो मुलगा महिन्यापूर्वीच दुसऱ्या दुकानात लागला होता. रानाचे माप, दिलेला भाव, सातबाराचा फोटो, सगळे त्याच्याच मोबाइलमध्ये. विक्री कुठे झाली असेल, हे सांगायला नको. दोन-चार माणसांवर चालणाऱ्या व्यवसायांचे असे नुकसान टाळण्यासाठी ‘सीआरएम’ सॉफ्टवेअर वापरले जाते. मात्र बाजारात त्याचे इतके प्रकार आहेत की निवड चुकली तर पैसेही जातात आणि वहीही बंद पडते.

सीआरएम म्हणजे नेमके काय?

‘कस्टमर रिलेशनशिप मॅनेजमेंट’चे हे लघुरूप. सोप्या भाषेत, ग्राहकांची सामाईक वही. कोणी चौकशी केली, त्याला काय हवे, कोणता भाव दिला, पुढचा फोन कधी करायचा आणि तो कोणी करायचा, याची नोंद एका जागी राहते. ती मालकालाही दिसते आणि फिरतीवरच्या मुलालाही. बिल आणि साठा सांभाळणारे हिशेबाचे सॉफ्टवेअर वेगळे. त्याचे काम विक्री झाल्यावर सुरू होते, सीआरएमचे काम विक्री होण्याआधी.

१९९९मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या ‘सेल्सफोर्स’ने हे सॉफ्टवेअर संगणकात न बसवता इंटरनेटवरून मासिक भाड्याने देण्याची पद्धत रुळवली. भारतात ‘झोहो’ने २००५मध्ये स्वतःचे सीआरएम आणले. या कंपनीचे एक कार्यालय तमिळनाडूच्या तेनकाशी जिल्ह्यातील माथलंपराई या खेड्यात आहे. म्हणजे हे सॉफ्टवेअर खेड्यात बसून बनतेही. प्रश्न ते खेड्यातल्या दुकानात टिकते का, एवढाच.

पालीसारख्या गावात त्याचा उपयोग काय?

बीडहून मांजरसुंब्याकडे जाताना धुळे-सोलापूर महामार्गावर पाली लागते. जवळच बिंदुसरा प्रकल्प आहे. समजा, इथे रस्त्यालगत ठिबक, पाइप आणि पंपांचे दुकान आहे. मालक, काउंटरवर एक जण आणि नेकनूर, लिंबागणेशपर्यंत फिरणारी तीन मुले, असे ५ जण.

ठिबकची विक्री एका भेटीत होत नाही. राज्याचे पूरक अनुदान धरून अल्प व अत्यल्पभूधारकांना ठरवून दिलेल्या खर्चाच्या ८० टक्के, तर इतर शेतकऱ्यांना ७५ टक्के अनुदानाची तरतूद आहे. त्यासाठी महाडीबीटीवर अर्ज, निवड, पूर्वसंमती, संच बसवणे, बिल अपलोड करणे, मोका तपासणी आणि मग खात्यात पैसे, असा मोठा प्रवास असतो. एकेका ग्राहकाचे काम काही महिने चालते. असे शंभर ग्राहक वेगवेगळ्या टप्प्यांवर असतील, तर कोण कुठे अडकला आहे हे कोणाच्याच डोक्यात राहत नाही.

त्यात बीडचे स्वतःचे वेळापत्रक आहे. ऊसतोडीला जाणारी कुटुंबे दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात आणि हंगाम संपल्यावर उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. अशा ग्राहकाच्या रानाचे माप घ्यायला जानेवारीत जाऊन उपयोग नाही. ‘गावी आल्यावर फोन’ अशी तारीख टाकलेली आठवण योग्य दिवशी समोर आली, तर खरिपाआधी काम होते.

व्हॉट्सॲप आणि एक्सेल पुरत नाही का?

अनेकांना पुरते. एकटा मालक आणि महिन्याला वीस-पंचवीस चौकशा असतील, तर ‘व्हॉट्सॲप बिझनेस’ हे मोफत ॲप आणि एक एक्सेलची यादी पुरेशी आहे. या ॲपमध्ये ग्राहकांना ‘नवीन’, ‘भाव दिला’, ‘पैसे बाकी’ अशी लेबले लावता येतात, तयार उत्तरे ठेवता येतात.

अडचण दुसरा-तिसरा माणूस आल्यावर सुरू होते. एकाच शेतकऱ्याला दोघे दोन भाव सांगतात. फोन केला की नाही, हे विचारावे लागते. मुलगा नोकरी सोडतो तेव्हा संभाषण त्याच्या नंबरवर राहते. यातले काही महिन्यातून दोन-तीनदा घडत असेल, तर सीआरएमचा विचार करण्याची वेळ आली आहे.

निवड करण्याआधी काय करावे?

आधी कागद घ्यावा. आपल्या धंद्यात चौकशीपासून पैसे जमा होईपर्यंत कोणते टप्पे येतात, ते लिहून काढावेत. ठिबकच्या दुकानात ते सात-आठ निघतील, सोलर पंपाला वेगळे, दुचाकीच्या शोरूमला तीन-चारच. हे टप्पे आपल्या शब्दांत ज्या सॉफ्टवेअरमध्ये घालता येतात, तेच पुढे पाहावे. विक्रेता त्याच्या सोयीची डझनभर वैशिष्ट्ये दाखवतो. आपण मात्र हा कागद समोर ठेवून ‘पूर्वसंमतीसाठी थांबलेले ग्राहक एका यादीत दाखवा’ असे म्हणावे.

कोणत्या कसोट्या लावाव्यात?

मोबाइल : मुले दिवसभर दुचाकीवर असतात. एक नोंद मिनिटभरात झाली नाही, तर ती संध्याकाळवर जाते आणि संध्याकाळी होत नाही. संगणकावर देखणे दिसणारे सॉफ्टवेअर इथेच नापास होते.

नेटवर्क : बालाघाटाच्या डोंगररांगेत रेंज जाते. नेट नसताना नोंद घेऊन नंतर ती आपोआप चढते का, हे मांजरसुंब्याच्या घाटात उभे राहून तपासावे.

मराठी : नाव देवनागरीत लिहिता आणि शोधता आले पाहिजे. एकच आडनाव इंग्रजीत तिघे तीन प्रकारे लिहितात आणि एका ग्राहकाचे तीन ग्राहक होतात. म्हणून ओळख मोबाइल क्रमांकावर ठेवावी आणि तोच क्रमांक दुसऱ्यांदा टाकल्यास सॉफ्टवेअरने सांगावे.

बाहेर पडण्याची वाट : सगळी यादी, नोंदींसह, एक्सेलमध्ये उतरवून घेता येते का? येत नसेल तर ते सॉफ्टवेअर घेऊ नये. हा अधिकार मात्र मालकाच्याच खात्याला असावा.

खर्च किती धरावा?

बहुतेक कंपन्या माणशी, महिन्याला पैसे घेतात. उदाहरणादाखल माणशी ५०० रुपये धरले, तर ५ जणांचे महिन्याला २,५०० आणि वर्षाला ३०,००० रुपये होतात. त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ३५,४००. जाहिरातीतला दर अनेकदा वर्षभराचे पैसे एकदम भरल्यास लागू असतो. व्हॉट्सॲप जोडणी, कॉल रेकॉर्डिंग यांचे पैसे वेगळे असू शकतात. त्यामुळे ‘वर्षाअखेरीस माझ्या खिशातून एकूण किती जातील’ हा प्रश्न लेखी विचारावा.

मोफत पर्यायही आहेत. झोहो सीआरएमची मोफत आवृत्ती तिघांपर्यंत वापरता येते. हबस्पॉटचीही मोफत आवृत्ती आहे. मुंबईच्या ‘फ्रॅपे’ या कंपनीचे सीआरएम मुक्त स्रोत आहे. त्याचा परवाना फुकट, पण सर्व्हरचा खर्च आणि ते सांभाळणारा जाणकार लागतो. असा माणूस जवळ नसेल, तर ‘फुकट’ महाग पडते.

ग्राहकांच्या माहितीची जबाबदारी कोणाची?

दुकानदाराची. अनुदानाच्या कामात सातबारा, आठ-अ, बँक पासबुक अशी कागदपत्रे शेतकरी विश्वासाने देतो. त्यांचे फोटो चार जणांच्या खासगी मोबाइलमध्ये पडून राहणे धोक्याचे आहे. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा २०२३मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्या १८ महिन्यांनी लागू होणार आहेत. माहिती कशासाठी घेत आहोत हे सांगणे, संमती घेणे आणि ती सुरक्षित ठेवणे हा त्याचा गाभा आहे. प्रत्येकाला स्वतंत्र लॉगिन द्यावे आणि माणूस सोडून गेला की त्याच दिवशी ते बंद करावे. विक्रीचे फोन दुकानाच्या नावावरील सिमवरूनच करावेत.

तरीही ते बंद का पडते?

मुलांना ते पाळत ठेवणारे यंत्र वाटते म्हणून. पहिल्याच दिवशी लोकेशन आणि हजेरी सुरू केली, तर नोंदी खोट्या होतात. दुसरे कारण मालक स्वतः. सकाळी तो सीआरएम न उघडता फोनवरच ‘काय झालं रे त्याचं?’ विचारत असेल, तर नोंद करायची कोणी आणि कशाला?

म्हणून वर्षाचे पैसे भरण्याआधी चाचणीच्या मोफत मुदतीत ३० खरे ग्राहक त्यात घालावेत. पंधरा दिवस रोज सकाळी दहा मिनिटे सगळ्यांनी तीच यादी समोर ठेवून बसावे. सोळाव्या दिवशी मोजावे : किती फोन ठरल्या दिवशी झाले, किती नोंदी रिकाम्या राहिल्या. निम्म्याहून अधिक रिकाम्या असतील, तर ते सॉफ्टवेअर आपल्या दुकानाचे नाही. तेव्हा दुसरे पाहावे किंवा एक्सेलवरच थांबावे. दोन्हींत कमीपणा नाही.