रणांगणावरील प्रणय आणि पानिपतचा पुरावा

ऐतिहासिक कादंबरीच्या वाचकाला एक प्रसंग फार परिचयाचा असतो. दोन राज्यांत वैर पेटलेले आहे, छावण्या समोरासमोर पडल्या आहेत आणि एका छावणीतील वीराचे मन शत्रुपक्षातील एखाद्या स्त्रीवर जडलेले आहे. प्रेम एकीकडे ओढते, खाल्लेले मीठ दुसरीकडे. अशा कथांची गोडी जुनीच आहे. कारण युद्ध माणसाला एकच बाजू घ्यावयास लावते आणि प्रेम ती सीमा मानीत नाही. परंतु या कथा बहुधा एका ठिकाणी येऊन थांबतात. प्रेमिकांचे मीलन झाले किंवा त्यांचा अंत झाला की कादंबरी संपते. त्या प्रेमातून जन्मलेले मूल पुढे कोणाच्या बाजूने उभे राहते, हा खरा अवघड प्रश्न क्वचितच विचारला जातो.

या प्रकारच्या कादंबरीला युरोपात सर्वाधिक लोकप्रियता मिळवून दिली ती सर वॉल्टर स्कॉट यांनी. १८१९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘आयव्हॅन्हो’मध्ये बाराव्या शतकातील इंग्लंड आहे. नॉर्मन आणि सॅक्सन यांचे वैर तेथे धुमसत आहे आणि रिबेका ही ज्यू तरुणी जखमी नायकाची शुश्रूषा करते. वाचकाचे मन रिबेकेकडे झुकते. पण नायकाचा विवाह होतो तो रोवेना या सॅक्सन कुलवतीशी, आणि रिबेका पित्यासह इंग्लंड सोडून जाते. कर्नल मेडोज टेलर यांनी हीच रीत महाराष्ट्राच्या भूमीवर आणली. १८६३ सालच्या त्यांच्या ‘तारा’ या इंग्रजी कादंबरीत तुळजापूरच्या शास्त्र्याची कन्या आणि अफजलखानाचा पुत्र यांची कथा आहे. टेलर यांच्याच टिपूवरील कादंबरीच्या आधारे हरिभाऊ आपटे यांनी ‘म्हैसूरचा वाघ’ लिहून ऐतिहासिक कादंबरीलेखनास आरंभ केला.

परंतु हरिभाऊ या परंपरेतच अडकून पडले नाहीत. आयुष्याच्या अखेरच्या काळात लिहिलेल्या ‘वज्राघात’मध्ये त्यांनी नेमक्या त्या अवघड प्रश्नाला हात घातला. १५६५ साली तालिकोटच्या लढाईत विजयनगरचा पाडाव झाला आणि रामराजा मारला गेला, हा इतिहास आहे. त्या इतिहासात हरिभाऊंनी एक काल्पनिक प्रणय गुंफला. तरुणपणी रामराजाचे मेहेरजान या मुसलमान तरुणीवर प्रेम जडते. पुढे तो तिला अंतरतो. त्यांचा पुत्र रणमस्तखान पित्याच्या छत्राविना वाढतो आणि विजापूरच्या पक्षाला मिळतो. ज्याला पित्याने आपले म्हटले नाही, तोच पित्याच्या विनाशाच्या कामी येतो. साम्राज्यावर कोसळणाऱ्या वज्राचे एक टोक अशा रीतीने राजाच्या अंतःपुरातून निघालेले दिसते.

कल्पनेने दिलेल्या या उत्तराशेजारी इतिहासाने दिलेले उत्तर ठेवावयाचे, तर दिल्लीच्या उत्तरेस सुमारे ९० किलोमीटरवर असलेल्या पानिपतला जावे लागते.

१७२९ साली महंमदखान बंगशाच्या वेढ्यात सापडलेल्या छत्रसालाच्या मदतीस पहिले बाजीराव पेशवे बुंदेलखंडात धावून गेले. या प्रसंगानंतर मस्तानी पुण्यास आली. ती छत्रसालाची मुसलमान स्त्रीपासून झालेली कन्या, असे परंपरा सांगते. पेशव्यांच्या घराने तिचा मनापासून स्वीकार केला नाही. बाजीराव मोहिमेवर असताना तिला अटकेतही ठेवण्यात आले. १७४० च्या एप्रिलमध्ये नर्मदाकाठी रावेरखेडी येथे बाजीरावांचा अंत झाला आणि पाठोपाठ मस्तानीही गेली. तिची कबर पाबळ येथे आहे. कादंबरी संपावी अशी ही जागा आहे, आणि ना. सं. इनामदार यांची ‘राऊ’ ही १९७२ सालची गाजलेली कादंबरी बाजीराव-मस्तानींचीच कथा सांगते.

पण इतिहास तेथे संपला नाही. त्या दोघांचा पुत्र समशेर बहाद्दर त्या वेळी अवघा सहा वर्षांचा होता. बाजीरावांचा पुत्र असूनही पुण्याच्या ब्रह्मवृंदाच्या दृष्टीने तो ब्राह्मण नव्हता. त्याला मुसलमान म्हणूनच वाढावे लागले. तरीही ज्या नानासाहेबांनी त्याच्या आईला दूर ठेवले, त्यांच्याच छत्राखाली तो पेशव्यांच्या घरात वाढला. त्याला बुंदेलखंडात जहागीर मिळाली, फौजेत मानाची जागा मिळाली. सदाशिवरावभाऊ उत्तरेत निघाले, तेव्हा तोही बरोबर होता.

१४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर जी फौज अब्दालीसमोर उभी राहिली, तिच्यात समशेर बहाद्दर होता. धर्माच्या नावाने घातलेली साद त्याला पलीकडून ऐकू येत नव्हती असे नाही. अब्दालीला बोलावणाऱ्या नजीबखान रोहिल्याने त्या युद्धाला धर्मयुद्धाचे रूप देण्याची खटपट केलीच होती. समशेर बहाद्दर जखमी झाला, कसाबसा सूरजमल जाटाच्या मुलखात पोहोचला आणि तेथे त्याने प्राण सोडला. वय अवघे २७ वर्षांचे. ज्यांनी त्याला पंक्तीला घेतले नाही, त्यांच्या झेंड्यासाठी तो मेला.

त्या दिवशी तो एकटाच असा होता, असेही नाही. निजामाची चाकरी सोडून आलेला इब्राहिमखान गारदी मराठ्यांच्या डाव्या बगलेवर होता. त्याच्या गारद्यांनी समोरच्या रोहिल्यांची फळी विस्कटून टाकली. पुढे तो जखमी स्थितीत पकडला गेला आणि मारला गेला. उलट अब्दालीच्या बाजूने उभ्या असलेल्या शुजाउद्दौल्याच्या सैन्यात अनुपगीर गोसाव्याचे नागा पथक होते, आणि शुजाच्याच पदरी काशीराज हा दक्षिणी ब्राह्मण होता. या काशीराजाने पुढे १७८० मध्ये फारसीत लिहिलेली हकीकत पानिपतच्या अभ्यासाचे एक मुख्य साधन ठरली. विश्वासरावांच्या देहाची विटंबना टळून त्याला अग्नी मिळाला, तोही शुजा आणि त्याच्या पदरच्या या हिंदू मंडळींच्या रदबदलीने. पानिपतावर माणसे उभी होती ती जन्माने आखलेल्या रेषेवर नव्हे. कोणी कोणाला आपले म्हटले आणि कोणी कोणाला शब्द दिला, या रेषेवर.

येथेच रणमस्तखान आणि समशेर बहाद्दर यांच्यातील फरकाचा उलगडा होतो. दोघेही दोन समाजांच्या सीमेवर जन्मलेले. एकाला पित्याच्या घराचे दार बंद राहिले. दुसऱ्याला देवघराचे दार बंद राहिले, पण घराचे उघडे राहिले. हरिभाऊंची कल्पना इतिहासाने खोटी ठरविली, असे यामुळे म्हणता येत नाही. उलट दोन्ही उत्तरे एकाच नियमाकडे बोट दाखवितात: निष्ठा रक्तातून वाहत येत नाही, ती आपलेपणातून उगवते.

या नियमाचा पुरावा पुढील पिढ्यांतही सापडतो. समशेरचा मुलगा अलीबहाद्दर याला नाना फडणविसांनी उत्तरेत पाठविले. त्याने बुंदेलखंडात सत्ता उभी केली ती अनुपगीर, म्हणजेच हिंमतबहाद्दर गोसावी, याच्या साहाय्याने. पानिपतावर जो बापाच्या शत्रुपक्षात उभा होता, तोच मुलाचा साथीदार झाला. १८०२ मध्ये कालिंजरच्या वेढ्याच्या वेळी अलीबहाद्दर वारला. त्याचे वंशज बांद्याचे नबाब म्हणून नांदले, आणि १८५७ च्या संग्रामात बांद्याचे नबाब दुसरे अलीबहाद्दर हे इंग्रजांविरुद्ध उठले, पेशव्यांच्या पक्षाबरोबर लढले आणि राज्य गमावून इंदुरास स्थानबद्ध झाले. पेशवाई १८१८ मध्येच बुडाली होती. ज्या घराशी इमान राखावयाचे, त्या घराजवळ देण्यासारखे काही उरले नव्हते. तरी इमान उरले होते.

पानिपत शहराबाहेर ‘काळा आंब’ येथे त्या लढाईचे स्मारक उभे आहे. मराठी माणूस तेथे जातो तेव्हा त्याला भाऊसाहेब आठवतात, विश्वासराव आठवतात, आणि ते योग्यच आहे. बाजीराव-मस्तानीच्या प्रणयावर मराठी वाचकाने जेवढे प्रेम केले, त्याचा थोडा तरी वाटा त्यांच्या मुलाच्या वाट्याला आला पाहिजे. प्रेमाची कसोटी प्रेमिकांच्या मृत्यूने पुरी होत नाही. ती एका मुलाने पौषातल्या एका बुधवारी, उपाशी फौजेच्या रांगेत उभे राहून दिली.