बक्षीस एकाला, मग बाकीचे का उतरतात?

आमच्या साकीनाक्याहून साकी विहार रोडने निघालं की थोड्या वेळात पवई येते. तिथल्या आयआयटीत शिकणाऱ्या डी. उदयकुमार यांनी आपल्या रुपयाचं चिन्ह काढलं. सरकारने २००९ साली त्यासाठी स्पर्धा लावली होती. देशभरातून तीन हजारांहून जास्त चिन्हं आली, आणि १५ जुलै २०१० ला हे चिन्ह ठरलं. बक्षीस अडीच लाख रुपये.

म्हणजे चिन्ह एकाचंच निवडलं जाणार, हे सगळ्यांना आधीच ठाऊक होतं. तरी हजारो जण कागद-पेन्सिल घेऊन बसले. पैशाची आशा असतेच, नाही कशाला म्हणा. पण आपण ओढलेली रेघ उद्या प्रत्येकाच्या हातातल्या नोटेवर दिसेल, ही ओढ पैशाहून वेगळी. शिवाय काहींना काढण्यातच गोडी असते. रांगोळीच्या स्पर्धेला आपण बसतो, तेव्हा बक्षिसातला स्टीलचा डबा घरात नसतो म्हणून थोडंच बसतो?

आता गावाकडची स्पर्धा बघा. पाणी फाउंडेशनने २०१६ साली सत्यमेव जयते वॉटर कप सुरू केला. वरुड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीन तालुक्यांतली ११६ गावं उतरली. पन्नास लाखांचं पहिलं बक्षीस कोरेगाव तालुक्यातल्या वेळूला मिळालं. बहुतेक गावांना पैसा मिळाला नाही. पण त्यांनी खणलेले चर आणि घातलेले बांध कुणी परत नेले नाहीत. पाऊस पडला की पाणी त्यांच्याच शिवारात मुरणार होतं. हंडा डोक्यावर घेऊन मैलभर चालणाऱ्या बाईला हे कारण समजावून सांगावं लागत नाही.

मग स्पर्धा कशाला हवी होती? कारण गरज वर्षानुवर्षं होती, पण कुदळ कुणी उचलत नव्हतं. आधी गावातल्या माणसांना प्रशिक्षण मिळालं. कामाला मुदत पडली, गुण ठरले. शेजारच्या गावात माणसं उतरली हे कळलं की आपल्या गावालाही राहवत नाही. पुढे १ मे २०१८ च्या महाश्रमदानाला शहरांतूनही माणसं गेली. त्यांना ना बक्षीस मिळणार होतं, ना पाणी. चार माणसांबरोबर घाम गाळण्याचंही एक सुख असतं.

एक मात्र खरं. साठलेलं पाणी कुणी किती उपसायचं, हे भांडण स्पर्धा सोडवत नाही. ते गावालाच बसून ठरवावं लागतं.

तुमच्या बचत गटाला पाककृतीच्या किंवा नव्या कल्पनेच्या स्पर्धेचं बोलावणं आलं, तर नंबर नाही आला तरी आपल्या हातात काय उरेल, हे आधी विचारा. शिकायला मिळेल का? ओळखी होतील का? आणि दिलेली कल्पना नंतर कुणाची? रुपयाच्या चिन्हावरचा हक्क सरकारकडे गेला, पण ते अटींत आधीच लिहिलेलं होतं. फॉर्मवरचं बारीक अक्षर गटातल्या शिकलेल्या मुलीकडून मोठ्याने वाचून घ्या, मगच सही करा.