मुरमांचे मलम आणि पहिले सहा आठवडे

चेहऱ्यावरच्या मुरमांविषयी या पानावर लिहावे, असे बरेच दिवस आमच्या मनात होते. शेती-आरोग्याच्या पानाने सुपारीच्या कोळेरोगावर लिहावे, काजूच्या मोहरावरील ढेकण्यावर लिहावे. पोरांच्या तोंडावरच्या पुळ्यांसाठी जागा कशाला, असे काही वडीलधाऱ्यांना वाटेल. पण ज्या घरात सोळा-सतरा वर्षांची मुले आहेत, त्या घरच्या आईला विचारून पाहा. मुलगी लग्नसमारंभाला यायचे टाळते, मुलगा वर्गात मागच्या बाकावर बसतो, दिवसातून दहा वेळा तोंड धुणे चालते आणि घरखर्चातले पैसे नाना तऱ्हेच्या मलमांवर जातात. "वय झाले की आपोआप जातील" असे आपण म्हणतो. बहुतेकांची जातातही. पण मागे खड्डे राहिले तर ते जन्मभर राहतात.

अलीकडे डॉक्टर मुरमांवर रेटिनॉइड जातीचे मलम लिहून देतात. ट्यूबवर बारीक अक्षरांत ट्रेटिनॉइन किंवा ॲडापालीन असे नाव असते. हे मलम वापरलेल्या सर्वण, कारापूर आणि डिचोलीकडच्या काही मुलामुलींशी व त्यांच्या आईवडिलांशी आम्ही बोललो. जवळजवळ सगळ्यांच्या बोलण्यात एक गोष्ट सारखी आली. पहिल्या महिन्यात चेहरा सुधारण्याऐवजी बिघडला. फरक दिसला तो पुढे. ज्यांना हे आधी कोणी समजावून सांगितले होते त्यांनी धीर धरला. ज्यांना सांगितले नव्हते त्यांनी तिसऱ्या आठवड्यात ट्यूब फेकून दिली आणि दुसरेच काहीतरी लावायला घेतले. त्या दुसऱ्याविषयी पुढे लिहिले आहे, कारण खरा धोका तिथे आहे.

आधी मुरूम म्हणजे काय ते पाहू. त्वचेतील बारीक केसांच्या मुळाशी तैलग्रंथी असतात. वयात येताना शरीरात जे बदल होतात त्यांमुळे या ग्रंथी जास्त तेल सोडू लागतात. त्याच वेळी छिद्राच्या आतली मेलेली कातडी सुटून बाहेर पडण्याऐवजी एकमेकीला चिकटते. तेल आणि कातडी मिळून छिद्राला बूच बसते. बूच तोंडाशी उघडे राहिले तर काळे दिसते. त्यालाच मुले ब्लॅकहेड म्हणतात. तो मळ नव्हे, घासून जात नाही. बुचाखाली जंतू वाढून सूज आली की लाल पुळी येते, पू धरतो, आणि सूज खोल गेली तर दुखरी गाठ होते. आज जी पुळी आरशात दिसते तिची सुरुवात त्वचेखाली कित्येक आठवडे आधी झालेली असते. एवढे लक्षात ठेवले म्हणजे पुढचे सगळे समजते.

तेव्हा मुरमे अस्वच्छतेने येतात हे खरे नाही. लाल मातीची धूळ बसते म्हणून पुन्हा पुन्हा साबण लावणाऱ्याची कातडी कोरडी पडून चिडते, एवढेच. दिवसातून दोनदा सौम्य साबणाने धुणे पुरे. खाण्याचे म्हणाल तर फार गोड पदार्थ आणि काहींच्या बाबतीत दूध यांचा मुरमांशी संबंध असल्याचे काही अभ्यासांत दिसले आहे. मासळी सोडायचे मात्र काही कारण नाही.

ट्रेटिनॉइन म्हणजे 'अ' जीवनसत्त्वापासून होणारे आम्ल. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे डॉ. आल्बर्ट क्लिगमन आणि त्यांचे सहकारी यांनी मुरमांवरील त्याच्या उपयोगाविषयीचा निबंध १९६९ साली प्रसिद्ध केला, आणि १९७१ साली तिथे या औषधाला मान्यता मिळाली. याच क्लिगमन यांनी फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगातील कैद्यांवर, ज्यांत बरेचसे कृष्णवर्णीय होते, १९७४ पर्यंत अनेक वर्षे त्वचेचे प्रयोग केले. त्याबद्दल त्या शहराने २०२२ साली जाहीर माफी मागितली. औषध गुणकारी आहे म्हणून ही गोष्ट विसरावी असे आम्हांला वाटत नाही. ॲडापालीन हे त्याच जातीचे, पण त्वचेला जरा कमी झोंबणारे औषध १९९६ साली अमेरिकेत आले. २०१६ पासून तिथे त्याचे ०.१ टक्क्याचे जेल डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवायही मिळते.

हे मलम पुळीवर बसून तिला सुकवत नाही. ते छिद्राच्या आतल्या कातडीची चाल बदलते. चिकटलेल्या पेशी सुट्या होतात, जुने बूच सैल होऊन बाहेर येते आणि नवे बसत नाही. शेतकऱ्याला हे पटकन कळेल. नांगरट केली की मातीत दडलेले तणाचे बी वर येते आणि आठ-दहा दिवस शेत आधीपेक्षा वाईट दिसते. चेहऱ्याचेही तसेच होते. आत दबा धरून बसलेली बुचे काही जणांत एकदम वर येतात. 'अ' जीवनसत्त्वाच्या गोळ्या खाऊन मात्र हे काम होत नाही. त्या मनाने खाल्ल्या तर यकृताला अपाय होतो.

आता अनुभव सांगतो. डिचोलीला कॉलेजात जाणाऱ्या एका मुलीने ०.०२५ टक्क्याचे ट्रेटिनॉइन रात्री लावायला सुरुवात केली. पहिले तीन दिवस काहीच झाले नाही. चौथ्या सकाळी नाकाच्या कडेला आणि ओठांच्या कोपऱ्यांत कातडीचे पापुद्रे सुटू लागले, तोंड धुताना झोंबू लागले. दुसऱ्या आठवड्यात हनुवटीवर पूर्वी नव्हत्या अशा पुळ्या आल्या. आजी म्हणाली, "औषध लागू पडत नाही, सोड." पण डॉक्टरांनी हे सगळे तिला आधी सांगितले होते. तिने रोजच्याऐवजी तीन दिवसांआड लावायला घेतले आणि वर साधे, सुगंध नसलेले क्रीम लावले. सहाव्या आठवड्यानंतर नव्या पुळ्या कमी झाल्या. तीन महिन्यांनी तिच्या मैत्रिणींनी विचारले की काय लावतेस.

मालाचा टेंपो चालवणाऱ्या एका तरुणाला चिठ्ठी मिळाली, पण लावायचे कसे ते कोणी सांगितले नाही. त्याने पावाला लोणी लावावे तसे मलम थापले, तेही सकाळी, आणि दिवसभर उन्हात गाडी चालवली. चौथ्या दिवशी गाल भाजल्यासारखे लाल झाले. लाली उतरली तेव्हा गालांवर काळपट चट्टे उरले आणि ते जायला कित्येक महिने लागले. आपल्या सावळ्या त्वचेचा हा स्वभावच आहे. ती चिडली की मागे काळा डाग ठेवते. म्हणून गोऱ्या लोकांपेक्षा आपण अधिक हळू जावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

लावण्याची रीत साधी आहे. रात्री तोंड धुऊन पुसावे आणि वीस-तीस मिनिटे पूर्ण कोरडे होऊ द्यावे, कारण ओल्या त्वचेवर औषध जास्त झोंबते. एका हिरव्या वाटाण्याएवढे मलम सबंध चेहऱ्याला पुरते. कपाळ, दोन्ही गाल, नाक, हनुवटी यांवर ठिपके देऊन पातळ पसरावे. फक्त पुळीवर लावून उपयोग नाही, कारण उद्याची पुळी आज स्वच्छ दिसणाऱ्या जागेखाली आहे. डोळे, ओठ आणि नाकपुड्यांच्या कडा सोडाव्यात. पहिले दोन आठवडे आठवड्यातून दोन-तीन रात्रीच लावावे. सोसले तर वाढवावे. जास्त लावल्याने लवकर गुण येत नाही. डॉक्टरांनी बेन्झॉईल पेरॉक्साईडही दिले असेल तर ते सकाळी आणि ट्रेटिनॉइन रात्री, असे विचारून घ्यावे. पहिल्याने दुसऱ्याचे बळ कमी होऊ शकते. त्याच पेरॉक्साईडने उशीचे अभ्रे आणि रंगीत टॉवेल पांढरे पडतात, तेव्हा आयांनी धोब्याला दोष देऊ नये.

आपल्या भागासाठी दोन शब्द वेगळे सांगायला हवेत. मार्च ते मे काजूचा हंगाम. बोंडे गोळा करायला मुलेही सकाळपासून बागेत जातात. रेटिनॉइड लावलेली त्वचा उन्हाला लवकर भाजते. रुंद काठाची टोपी किंवा डोक्यावरून ओढलेला पदर हवा, आणि जमेल तर उन्हापासून वाचवणारे क्रीम. त्याहून जपायचे ते ओल्या काजूगरांच्या चिकाला. हा चीक धडधाकट कातडीलाही जाळतो हे आपल्या बायकांचे हात पाहून कोणालाही कळेल. पापुद्रे सुटलेल्या गालाला चिकाचा हात लागला तर जखम व्हायला वेळ लागत नाही. त्या दिवसांत हात साबणाने स्वच्छ धुतल्याशिवाय तोंडाला लावू नये. ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी शक्य असल्यास जूनमध्ये, पाऊस लागल्यावर करावी. त्वचेला सवय व्हायला चार महिने कमी उन्हाचे मिळतात.

दुसरी गोष्ट खोबरेल तेलाची. केसांना चपचपीत तेल लावून झोपले की ते कपाळावर उतरते, आणि कपाळाच्या कडेला बारीक पुळ्यांची रांग उठते. अशा मुलीला मलमाआधी एवढेच सांगावे, की तेल न्हाण्याच्या आधी तासभर लाव आणि धुऊन टाक. भुवया कोरणे चालेल का, असे मुली विचारतात. मलम चालू असताना चेहऱ्यावर मेण लावून केस काढू नयेत, कातडीही निघून येते. ब्लीचही नको. लिंबू आणि टूथपेस्ट तर कधीच नको.

आता त्या 'दुसऱ्या' मलमाविषयी. तिसऱ्या आठवड्यात कंटाळलेली मुलगी शेजारणीला विचारते, आणि शेजारीण एक ट्यूब देते. आठ दिवसांत चेहरा गुळगुळीत, उजळ! घरचे खूश होतात, लग्नाची बोलणी चालू असली तर अधिकच. त्या ट्यूबेत बहुधा स्टिरॉइड असते. नाव बारीक अक्षरांत वाचावे: बेटामेथासोन, क्लोबेटासॉल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन. काही मलमांत ते ट्रेटिनॉइन आणि हायड्रोक्विनोन यांच्याबरोबर एकत्र केलेले असते, त्यामुळे "डॉक्टरांनी दिलेलेच औषध आहे" असा समज होतो. अशी एकत्र मलमे वांगासारख्या डागांवर, थोडे दिवस, देखरेखीखाली वापरायची असतात. मुरमांवर किंवा गोरे होण्यासाठी महिनोन्‌महिने लावली तर कातडी पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, गालांवर केस वाढतात आणि मुरमे दुप्पट जोराने परततात. थांबवले की चेहरा पेटतो, म्हणून मुलगी पुन्हा तेच लावते. भारतातील त्वचारोगतज्ज्ञांनी बारा ठिकाणी केलेल्या पाहणीत, जी २०११ साली प्रसिद्ध झाली, चेहऱ्याची तक्रार घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण चेहऱ्याला स्टिरॉइड लावत होते. २०१८ साली केंद्र सरकारने चिठ्ठीशिवाय विकायला बंदी असलेल्या औषधांच्या यादीत चौदा स्टिरॉइड मलमे घातली. तरीही ती हातोहात फिरतात. जिला अशी सवय लागली आहे तिने लाजू नये आणि मनाने एकदम बंदही करू नये. त्वचेच्या डॉक्टरांकडे जावे, ते टप्प्याटप्प्याने सोडवतात.

लग्न झालेल्या मुलींसाठी एक गोष्ट महत्त्वाची. दिवस गेले असतील किंवा तशी शक्यता असेल तर रेटिनॉइड मलम थांबवून डॉक्टरांना सांगावे. मोठ्या मुरमांवर आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या देतात, त्यांच्या बाबतीत तर तडजोडच नाही. त्या गोळ्यांनी पोटातल्या मुलात गंभीर व्यंग येऊ शकते. बहिणीच्या उरलेल्या गोळ्या घेणे, मैत्रिणीला देणे, हे कदापि करू नये. सासरी हे सांगायला संकोच वाटत असेल तर आईने पुढाकार घ्यावा.

सहा आठवड्यांनीही आग कमी होत नसेल, डोळ्यांभोवती सूज येत असेल, किंवा खोल दुखऱ्या गाठी आणि खड्डे पडू लागले असतील, तर वाट पाहू नये. डिचोलीच्या सरकारी आरोग्य केंद्रात आधी दाखवावे. तिथून गरज पडली तर बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात त्वचारोग विभाग आहे. चेहरा स्वच्छ झाल्यावर मलम एकदम बंद केले तर दोन-तीन महिन्यांत पुळ्या परत येतात, असे आम्हांला दोघांनी सांगितले. डॉक्टर बहुधा काही रात्री चालूच ठेवायला सांगतात. ट्यूब उजेडापासून दूर, कपाटात ठेवावी. आणि दाखवायला जाताना आतापर्यंत लावलेल्या सगळ्या ट्यूबा पिशवीत घालून न्याव्यात, शेजारणीने दिलेलीसुद्धा.