गळ्याची पकड आणि सात सेकंद

कुस्तीतल्या हारजितीचा हिशेब पाठीवर होतो. दोन्ही खांदे मातीला टेकले की संपली कुस्ती. कलाजंग मारून खांद्यावरून फेका, ढाक लावून आपटा, पट काढा नाहीतर मोळी बांधून उलटा करा, सगळ्याचा शेवट चीतपटच. समोरच्याला वेदनेने ‘हरलो’ म्हणायला लावणं हा आपल्या मातीतला हेतू नाही. वेदना होते, पण ती वाटेत.

खडकवासल्याच्या आजूबाजूची गावं 2021 मध्ये पुणे महापालिकेत आली. तरी गावच्या यात्रा राहिल्या, आणि यात्रेबरोबर कुस्त्यांचा फडही राहिला. दुपारी रेवड्यांवरच्या पोरांच्या कुस्त्या, दिवस कलताना मोठ्या इनामाच्या. पण त्याच सिंहगड रस्त्याच्या बाजूला आता जिमच्या वरच्या मजल्यावर ज्यूदो, जिऊ-जित्सू आणि मिश्र मार्शल आर्ट शिकवणारे वर्गही दिसतात. तिथलं हरणं निराळं. समोरचा तुमचा हात किंवा गळा असा अडकवतो की सुटका नाही. मग तुम्ही मोकळ्या हाताने त्याच्या अंगावर किंवा मॅटवर दोन थापा मारायच्या. थाप पडली की त्याने त्याच क्षणी सोडायचं. या खेळाची सगळी सुरक्षितता त्या दोन थापांवर उभी आहे.

वस्तादाच्या नजरेखालची तालीम आणि नीट चालवलेला मॅटवरचा वर्ग, या दोन्ही ठिकाणांची मला फारशी चिंता नाही. चिंता आहे ती तिसऱ्या जागेची. वसतिगृहाची खोली, सोसायटीची गच्ची, रविवारी धरणाच्या काठी जमलेलं मित्रमंडळ. तिथे मुलं मोबाइलवर पाहिलेली गळ्याची पकड एकमेकांवर करून बघतात. डाव मॅटवरचा, पण ‘मी नाही हार मानणार’ ही जिद्द मातीतली. शिवाय व्हिडिओ काढणारा मित्र समोर असतोच.

मागून हाताचा विळखा घालून केलेल्या पकडीत श्वास कोंडतो, असा बहुतेकांचा समज असतो. नीट बसलेल्या पकडीत तसं होत नाही. कोपराचा खळगा कंठासमोर येतो, दंड आणि हाताचा पुढचा भाग मानेच्या दोन्ही बाजूंना दाबतात. तिथे मेंदूकडे रक्त नेणाऱ्या दोन मुख्य धमन्या आहेत. जबड्याच्या कोनाखाली बोट ठेवलंत तर त्यांचे ठोके लागतात. श्वास रोखून माणूस मिनिटभर सहज राहतो, कारण रक्तात प्राणवायूचा साठा असतो. रक्तच थांबलं तर मेंदूजवळ शिल्लक अशी काही नसते. अमेरिकेत 1943 साली शंभराहून अधिक निरोगी तरुणांच्या मानेभोवती हवेने फुगणारा पट्टा बांधून हे मोजलं गेलं. (आज असा प्रयोग कोणतीही नैतिकता समिती मंजूर करणार नाही.) बेशुद्धी यायला सरासरी सात सेकंद लागले. त्याआधी नजर एका जागी खिळते, दृष्टी धूसर होते, आणि मग शुद्ध जाते. बऱ्याचदा पाठोपाठ हातपाय झटके देतात.

हे सात सेकंद ज्याच्या गळ्याभोवती पकड आहे त्याला फार दुखत नाहीत. धोका इथेच आहे. हात पिरगळला तर माणूस ओरडतो. गळ्याच्या पकडीत ‘अजून जमतंय’ असं वाटत असतानाच थाप मारायचं भान जातं. म्हणून चांगल्या वर्गात मार्गदर्शकाचं लक्ष थाप मारणाऱ्या हातावर असतं, आणि हात सैल पडलेला दिसला की थाप न पडताही तो पकड सोडवतो. गच्चीवरच्या मित्राला हे ठाऊक नसतं. मित्र शांत झाला म्हणजे अजून झुंजतोय, असं समजून तो आणखी आवळतो.

पकड लगेच सुटली तर बहुतेक तरुण काही सेकंदांत शुद्धीवर येतात. ‘काही होत नाही, झोप लागते फक्त’ हा गैरसमज त्यातूनच येतो. मात्र धमनीच्या आतल्या अस्तराला चीर पडू शकते. त्या चिरेत रक्त शिरतं, गुठळी होते, आणि ती काही तासांनी, कधी काही दिवसांनी सुटून मेंदूत जाते. पंचविशीतल्या निर्व्यसनी मुलाला पक्षाघात झाला तर आम्ही डॉक्टर मानेच्या दुखापतीबद्दल मुद्दाम विचारतो. मानेच्या एका बाजूला किंवा डोक्यात नवं, न थांबणारं दुखणं, एका डोळ्याची पापणी खाली येणं, बोलताना जीभ जड होणं, एका हातातली ताकद जाणं, यातलं काहीही दिसलं तर थांबू नका. पक्षाघातात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सहसा साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. पुढून कंठावर दाब आला असेल तर आवाज बसणं, गिळताना दुखणं, मानेची त्वचा दाबल्यावर कुरकुर लागणं ही स्वरयंत्राला इजा झाल्याची लक्षणं आहेत. सूज वाढून श्वास अडकायला वेळ लागत नाही.

बेशुद्ध झालेल्याला झटके आले की आपल्याकडे कांदा नाहीतर चप्पल शोधायला माणसं धावतात. दोन्हींचा उपयोग नाही. तोंडात पाणी ओतू नका. कुशीवर वळवा आणि श्वास चालू आहे का पाहा. अर्ध्या मिनिटात नीट शुद्ध आली नाही तर 108 ला फोन करा. श्वासच नसेल तर छातीवर दाब द्यायला सुरुवात करा.

सांध्यांच्या पकडीत निदान वेदना सावध करते, पण तिथे जिद्द आड येते. 1951 मध्ये ब्राझीलच्या माराकाना स्टेडियमवर जपानच्या मासाहिको किमुराने एलिओ ग्रेसीचा हात पाठीमागे पिरगळला. हाड मोडलं तरी ग्रेसीने थाप मारली नाही. शेवटी त्याच्या बाजूच्या लोकांनी लढत थांबवली. त्या पकडीला आज किमुराचंच नाव आहे. डिसेंबर 1976 मध्ये कराचीत गामा पैलवानाचा पुतण्या अक्रम जपानच्या अंतोनिओ इनोकीसमोर उभा राहिला, तेव्हा जवळपास याच पकडीत त्याचा हात निकामी झाला. त्यानेही हार मानली नाही. अक्रमच्या घराण्यात कुस्ती पिढ्यान् पिढ्या होती, आणि तिच्यात ‘दुखतंय, सोड’ म्हणायची खूणच नव्हती. मला तो पराक्रम कमी आणि दोन खेळांच्या भाषेतला घोटाळा जास्त वाटतो.

कोपर उलट्या दिशेने ताणलं की आतल्या बाजूचा अस्थिबंध फाटतो. खांदा पिरगळला तर सांधा निखळतो किंवा दंडाचं हाड पिळल्यासारखं मोडतं. सर्वांत फसवी पकड टाचेची. टाच धरून पाय फिरवला की पिळा गुडघ्यात जातो, आणि दुखायला लागेपर्यंत अस्थिबंध बऱ्याचदा गेलेला असतो. शाळकरी मुलांच्या हाडांच्या टोकांना वाढीची कूर्चा असते. ती अस्थिबंधापेक्षा नाजूक, म्हणून जोर तिथे बसतो आणि हाताची वाढ वाकडी होऊ शकते. वर्गात नाव घालताना पालकांनी फी विचारण्याआधी विचारावं, की या वयाच्या मुलांना तुम्ही गळ्याच्या आणि सांध्यांच्या पकडी शिकवता का. ‘हो, सगळं शिकवतो’ असं अभिमानाने सांगितलं तर दुसरा वर्ग बघावा.

आपल्या कुस्तीनेही हे ओळखलेलं आहे. आंतरराष्ट्रीय नियमांत गळा आवळायला मनाई आहे, आणि पाठीमागे नेलेला हात काटकोनापेक्षा जास्त वाकवता येत नाही. घुटना डावात मानेवर गुडघा येतो, तोही समोरच्याला उलटवण्यासाठी.

तालमीतल्या मुलांसाठी मात्र वेगळ्या दोन गोष्टी. अंगावर गोल, खाजणारा चट्टा उठला तर तो नायटा समजा. औषधाच्या दुकानातून स्टिरॉइड मिसळलेलं मलम आणू नका. त्याने खाज थांबते आणि बुरशी पसरते. चट्टे जाईपर्यंत हौद्यात उतरू नका, लंगोट आणि टॉवेल कुणाला देऊ नका.

दुसरी गोष्ट कानाची. मोडलेला कान म्हणजे पैलवानकीची पावती, असं पोरं मानतात. होतं असं, की घासून आणि दाबून कानाच्या कूर्चेवरचं आवरण सुटतं आणि मध्ये रक्त साठतं. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, तिला पोसणारं ते आवरणच. ते सुटलं की कूर्चा मरते आणि तिथे वेडावाकडा गोळा तयार होतो. घरी सुई टोचून रक्त काढलं तर जंतुसंसर्गाने सगळा कान जाऊ शकतो. सुजल्यावर दोन-तीन दिवसांत सरकारी रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागात दाखवलं तर रक्त काढून दाबपट्टी बांधता येते. पंधरवड्याने आलात तर आतला गोळा घट्ट होऊ लागलेला असतो, आणि मग शस्त्रक्रियेखेरीज कानाला आकार देता येत नाही.