जाड भिंतीवर भरवसा ठेवू नका

मी राळेगणसिद्धीचा गवंडी. पारनेर तालुक्यात दगड-मातीचं जुनं घर दुरुस्तीला आलं, की मालक हमखास सांगतो, "भिंत दोन हात जाड आहे, काळजी नाही." मला तिचीच काळजी वाटते. कारण ती एकसंध नसते. बाहेरून दगडांचा एक थर, आतून दुसरा, मधे माती आणि कपच्यांची भर. जमीन हलली की थर सुटतात, आणि वरचं मातीचं जड धाबं माणसांवर येतं.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी परिसरातल्या भूकंपात हेच झालं. सुमारे 8,000 माणसं गेली. कित्येक घरांचे लाकडी सांगाडे उभे राहिले, भिंती मात्र ढासळल्या.

घर न पाडताही ते बळकट करता येतं. साधारण मीटर-मीटर अंतरावर भिंतीत आरपार भोक पाडायचं, त्यात टोकं वाकवलेली सळई ठेवून काँक्रीट भरायचं. दोन्ही थर एकमेकांना धरतात. भोक पाडताना घण मुळीच घालू नये. दगड पहारीनं हळूहळू सैल करावा, नाहीतर भिंतच फुगते. मग दारं-खिडक्यांच्या वरून घराभोवती, आतून-बाहेरून तारेच्या जाळीचा सलग पट्टा ठोकून सिमेंटचा गिलावा. खांब आणि तुळई मिळतात तिथे तिरके टेकू. धाब्यावर दरवर्षी नवी माती चढवणं थांबवा, जुनी थोडी उतरवा. नुसत्या भेगा बुजवून काही साधत नाही.

पैसे कमी असतील तर आधी झोपायची खोली घ्या.